स्कीच्या लिफ्टची रांग आणि आपली मुलं

फेब्रुवारीतला तिसरा सोमवार म्हणजे प्रेसिडेंट्स डे. मुलांना सुट्टी, डोंगरात बर्फ, आणि डेन्व्हर परिसरातली आपली बरीच मंडळी ब्रेकेन्रिज, कीस्टोनच्या वाटेवर. तिकिटं, भाड्याचे बूट, मुलांचा स्कीचा क्लास, एवढा खर्च करायचा आणि दिवस लिफ्टच्या रांगेत घालवायचा? मुलं गारठतात, चिडतात आणि 'पुन्हा नको' म्हणतात. म्हणून आज या रांगेविषयी बोलूया.

आधी थोडं गणित. चार जणांची खुर्ची दर सहा सेकंदांनी सुटते असं धरा. मिनिटाला १० खुर्च्या, म्हणजे ४० माणसं. तुमच्यापुढे ४०० जण असले तरी १० मिनिटांत नंबर लागतो. पण प्रत्येक खुर्चीवर तिघंच बसले, तर त्याच रांगेला १३ मिनिटांहून जास्त लागतात. तेव्हा रांगेची लांबी पाहून घाबरू नका. ती सरकते कशी आणि खुर्च्या भरून जातात का, ते बघा. सहा आसनांच्या नव्या लिफ्टची लांब रांग जुन्या दोन आसनी लिफ्टच्या छोट्या रांगेपेक्षा लवकर संपू शकते.

रिकाम्या जागा भरण्यासाठीच 'सिंगल्स लाइन' असते. मोठी माणसं एकेकटी जाणार असतील तर तिचा जरूर फायदा घ्या. लहान मुलांना मात्र तिथे पाठवू नका. तिथे आपली माणसं वेगवेगळ्या खुर्च्यांवर जातात.

दुसरी गोष्ट वेळेची. लिफ्ट साधारण साडेआठ-नऊला सुरू होतात आणि पहिला तास सर्वांत मोकळा असतो. दहानंतर पायथ्याशी गर्दी होते. ज्यांना स्की येतं त्यांनी तोवर वर जावं आणि वरच्याच लिफ्ट वापराव्यात; प्रत्येक फेरीला पायथ्याशी उतरू नये. जेवण अकराला किंवा दीडनंतर. बारा वाजता सगळे उपाहारगृहात असतात, तेव्हा लिफ्ट त्यातल्या त्यात रिकाम्या मिळतात. वारा वाढला तर वरच्या लिफ्ट बंद ठेवतात आणि ती सगळी गर्दी खाली येते. म्हणून निघण्यापूर्वी रिसॉर्टच्या ॲपवर कुठल्या लिफ्ट चालू आहेत ते पाहा.

आता रांगेतली शिस्त. दोन रांगा एकत्र येतात तिथे एक तुमचा, एक त्यांचा, असं आळीपाळीने पुढे जायचं. एकाने जागा धरायची आणि मागून पाच जणांनी घुसायचं, हे इथे चालत नाही. दुसऱ्याच्या स्कीवर आपली स्की चढवू नका. कोण कुणाबरोबर बसणार हे फाटकाआधीच ठरवा. पास एका खिशात, फोन दुसऱ्या खिशात ठेवा, म्हणजे फाटक अडत नाही. मूल लहान असेल तर लिफ्टवरच्या कर्मचाऱ्याला सांगा. तो लिफ्टचा वेग कमी करतो. बसल्यावर सुरक्षेची दांडी खाली घ्या आणि वर पोचताच लगेच बाजूला व्हा.

गर्दीत चुकामूक होतेच. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, म्हणून भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा. प्रत्येक मुलाच्या खिशात आईबाबांचा नंबर लिहिलेला कागद ठेवा.

परतीची रांग तर याहून मोठी. रविवारी दुपारी आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्यापासून डेन्व्हरपर्यंत गाड्या तुंबतात. दुपारी एकच्या सुमाराला निघा, नाहीतर निवांत जेवून सातनंतर. डॉटसेरो ते मॉरिसन या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे बर्फाला योग्य टायर बंधनकारक आहेत, तेही तपासा. गाडी चालवायचीच नसेल तर डेन्व्हर युनियन स्टेशनहून 'स्नोस्टँग' बस काही रिसॉर्टना जाते आणि विंटर पार्कला हंगामात रेल्वेही आहे.

आणि रजा मिळत असेल, तर सुट्टीनंतरच्या आठवड्यातला एखादा मंगळवार-बुधवार निवडा. तोच डोंगर, आणि रांग बरीच छोटी. जपून जा, मजा करा. पुढच्या भागात भेटूच!