प्रकाशाची चावी कोणाकडे?

माणूस कल्पनेतला समाज रचतो तेव्हा काय मोडायचे आणि काय राखायचे, हे तोच ठरवतो. म्हणून असा समाज पाहिला की रचणाऱ्याची दृष्टी उघडी पडते.

इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकनने 'न्यू अटलांटिस' या पुस्तकात असेच एक बेट रचले. पॅसिफिक महासागरातील या बेटाचे नाव बेन्सालेम. तिथले अधिकारी बक्षिसी घेत नाहीत. हे लिहिणारा बेकन स्वतः १६२१ साली लाचखोरीपायी लॉर्ड चॅन्सलरचे पद गमावून बसला होता, हा भाग वेगळा!

दर बारा वर्षांनी या बेटावरून दोन जहाजे निघतात. सोने, रेशीम, मसाल्यांसाठी नव्हे, तर ज्ञानासाठी. प्रत्येक जहाजावर तीन विद्वान. ओळख लपवून ते परदेशी राहतात, तिथले ग्रंथ, यंत्रे, शोध बेटावर आणतात. बेकन त्यांना प्रकाशाचे व्यापारी म्हणतो.

कल्पना सुंदर आहे. पण आणलेला प्रकाश जातो कुठे? 'सॉलोमन गृह' नावाच्या विद्वानमंडळाच्या ताब्यात. कोणता शोध सांगायचा, कोणता दडवायचा, हे तेच ठरवतात आणि गुप्ततेची शपथ घेतात. सामान्य माणसाला त्यात मत नाही. तीस वंशजांच्या पित्याचा तिथे सरकारी खर्चाने उत्सव होतो. त्या साऱ्यांना जन्म देणारी आई मात्र काचेच्या खिडकीआड बसते. कोणाला दिसत नाही!

ज्ञानाची ही मक्तेदारी आपल्याला नवी आहे काय? आपल्याकडे तर शूद्रातिशूद्रांना आणि स्त्रियांना ज्ञान नाकारले गेले आणि धर्मशास्त्रांनी समुद्रप्रवासही निषिद्ध ठरवला.

१९१३ साली बाबासाहेब समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला गेले. १९१७ मध्ये परतताना त्यांनी दुसऱ्या बोटीने पाठवलेले ग्रंथ युद्धात बोटीसह बुडाले. ग्रंथ बुडाले, ध्यास बुडाला नाही. जे ज्ञान मिळवले ते त्यांनी कुलपात ठेवले नाही. १९२० साली 'मूकनायक' काढला, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले.

आज आपलीही मुले परदेशी विद्यापीठांत जातात. अभिमान जरूर बाळगावा. पण परतताना त्यांनी, आणि इथे शिकून साहेब झालेल्या प्रत्येकाने, स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मी आणलेला प्रकाश वस्तीपर्यंत पोहोचला, की माझ्याच घराचे 'सॉलोमन गृह' झाले?