यंत्राची मांडणी आणि गाण्याचा नाद

वाईसारख्या गांवांतील जुन्या वाड्याची बांधणी पाहावी, तर जोतें काळ्या पाषाणाचें, भिंती जाड, आणि माडीची जमीन मात्र लांकडी तुळयांवर फळ्या अंथरून केलेली, असा प्रकार आढळतो. अशा माडीवर तबकडी वाजत असतां एखादें पोर जिन्यावरून धावत आलें, कीं सुई उडते आणि गाण्याची ओळ तुटते. यावरून प्रश्न निघतो, कीं यंत्र ज्या मांडणीवर ठेवावयाचें, तिचा गाण्याच्या आवाजावर परिणाम होतो काय? या कामासाठीं मुद्दाम बनविलेल्या घडवंच्या बाजारांत मिळतात आणि त्यांच्या किंमती कित्येकदां यंत्राच्या बरोबरीच्या असतात. तेव्हां हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं, संसारी माणसाच्या खिशाचाही आहे.

उत्तरासाठीं फार दूर जावयास नको. वाईची कृष्णा पुढें सांगलीस जाते, आणि त्या जिल्ह्यांतील मिरज हें गांव तंबोऱ्यांसाठीं व सतारींसाठीं प्रसिद्ध आहे. 2024 सालीं या दोन्ही वाद्यांस भौगोलिक मानांकनही मिळालें. तंबोऱ्याची तार नुसती ताणून छेडली तर जवळच्यालाही जेमतेम ऐकूं येईल. तिचा कंप घोडीवाटे तबलीस आणि तबलीवाटे भोपळ्यांतील हवेस मिळतो, तेव्हां खोली भरते. म्हणजे कंप पावणारी वस्तु जिच्यावर टेकली असेल, ती वस्तु आवाज बदलते हें खरेंच. पण तंबोऱ्यांत जें हवें, तेंच तबकडीच्या यंत्रांत नको असतें. तबकडीच्या खाचेंतील वळणें अतिशय सूक्ष्म. हळुवार स्वराच्या ठिकाणीं तीं केसाच्या जाडीच्या शतांशाहूनही लहान असतात. हीं वळणें आणि खालून आलेला धक्का यांतील भेद सुईला कळत नाहीं. दोहोंचें ती सारख्याच इमानानें विजेंत रूपांतर करते.

धक्का दोन वाटांनीं येतो. एक पावलांचा, जमिनींतून. दुसरा खुद्द लाऊडस्पीकरचा: त्याचा खर्ज मांडणीस हलवितो, मांडणी सुईस, आणि सुईचा कंप पुन्हां लाऊडस्पीकरांतून बाहेर पडतो. हें चक्र वाढत गेलें म्हणजे यंत्र आपण होऊनच हुंकार देऊं लागतें. हुंकारापर्यंत मजल गेली नाहीं तरी खर्ज गढूळ होतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या तबलजीच्या माथीं बसतो. अमेरिकेंत एडगर व्हिल्चर यानें 1961 सालीं आणलेल्या यंत्रांत तबकडीचें चाक व सुईची दांडी एकाच चौकटीवर बसवून ती स्प्रिंगांवर तोलली, ती याचसाठीं. परंतु स्प्रिंगांनाही स्वतःचा झोका असतो. फळ्यांच्या जमिनीचा झोका त्याशीं जुळला तर उपायाचा अपाय होतो.

सर्व यंत्रांस मात्र एकच न्याय लागूं पडत नाहीं. व्हॉल्व्हच्या यंत्रास टिचकी मारली तर आंतील जाळ्या हलून कधीं कधीं टण् असा आवाज येतो; तेथें बैठकीला थोडें महत्त्व आहे. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर लोखंडी मांडणीवर ठेवा कीं सागवानी, गाणें तेंच. 1982 सालीं बाजारांत आलेली कॉम्पॅक्ट डिस्क प्रकाशकिरणानें वाचली जाते. किरकोळ चूक आंतल्या आंत दुरुस्त होते, आणि धक्का मोठा असला तर गाणें अडखळतें, त्याचा पोत बदलत नाहीं. तरी या यंत्रांसाठींही महाग घडवंच्या खपतात आणि घेणारास फरक ऐकूं येतो. त्यांत लबाडी असतेच असें नाहीं; पैसे मोजलेल्या कानास फरक ऐकूं यावा हा मनुष्यस्वभावच आहे. घडवंची कोणती हें कळूं न देतां दुसऱ्यानें ती बदलावी आणि ऐकणारानें वीस वेळां ओळखून दाखवावी, म्हणजे निकाल लागेल.

तबकडीची परीक्षा याहून सोपी. तबकडी थांबलेली असतां सुई तिच्यावर अलगद टेकवावी, आवाज बेताचा वाढवावा आणि मांडणीवर बोटाच्या पेरानें ठोकावें. लाऊडस्पीकरांतून जेवढें धप्प ऐकूं येईल, तेवढाच दोष गाण्यांत मिसळत असतो.

वाड्यांत राहणारास उपाय घरचाच आहे. माडीच्या मधोमध तुळया सर्वांत अधिक लवतात. तेथें यंत्र न ठेवतां जाड भिंतींत पक्क्या बसविलेल्या फळीवर ठेवावें. धावत्या पोराचा धक्का भिंतीस फारसा पोंचत नाहीं. तळमजल्यावर, दगडी फरशीवर, साधें भक्कम मेजही पुरतें. लाऊडस्पीकर त्याच फळीवर ठेवूं नयेत. ही चूक सर्रास होते, आणि तिच्यापुढें लांकूड कोणतें हा प्रश्न अगदींच क्षुल्लक. मग पाणसळ लावून पाहावी. फळी कलती असेल तर सुई खाचेच्या एकाच कडेस रेलते. यंत्राच्या खालच्या बाजूस जुन्या पत्त्याचा तुकडा सारला कीं काम भागतें.