विश्लेषण : जुन्या बुलेटला हायड्रॉलिक टॅपेट बसवता येतात का?

वाशिममध्ये अकोला नाका असो वा पुसद नाका, गॅरेजसमोर उभी असलेली बुलेट जुनी की नवी, हे अनेकदा आवाजावरूनच कळते. इंजिन सुरू होताच उजव्या बाजूने बारीक ‘टक टक’ ऐकू आली, तर ते बहुधा ओतीव लोखंडाचे जुने इंजिन असते. या इंजिनाचे टॅपेट वेळोवेळी हाताने सेट करावे लागतात. त्यानंतरच्या हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात हे काम नाही. मग तेच टॅपेट जुन्या गाडीत बसवून कटकट का मिटवू नये?

टॅपेट सेटिंग कशासाठी?

कॅम फिरताना टॅपेटला वर ढकलतो. टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला हलवतो. इंजिन तापल्यावर यातला प्रत्येक धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतो. त्यामुळे या साखळीतील मोकळीक नेमकी ठेवावी लागते.

मोकळीक जास्त झाली, तर आवाज येतो, व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि भाग एकमेकांवर आपटून झिजतात. ती उरलीच नाही, तर धोका मोठा. व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच बाहेर पडते. तो मार्ग बंद झाला की व्हॉल्व्ह जळतो. विदर्भातील चाळिशीपारच्या उन्हात एअर-कूल्ड इंजिनाला हे अधिकच महागात पडते. आवाज पूर्ण बंद व्हावा म्हणून टॅपेट आवळून घेणे म्हणूनच चुकीचे.

हायड्रॉलिक टॅपेट काय करतो?

त्याच्या पोटात छोटा प्लंजर, स्प्रिंग आणि एकाच दिशेने ऑइल जाऊ देणारी झडप असते. व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंग मोकळीक भरून काढते आणि पंपाकडून आलेले ऑइल आत शिरते. कॅमने टॅपेट उचलला की झडप बंद होते. अडकलेले ऑइल दाबले जात नसल्याने टॅपेट घन धातूसारखा वागतो. हे प्रत्येक फेरीत घडते, म्हणून मोकळीक आपोआप शून्य राहते.

बुलेटच्या घराण्यात हे कधी आले?

रॉयल एनफिल्डने २००८ मध्ये थंडरबर्ड ट्विनस्पार्कमध्ये ‘यूसीई’ इंजिन आणले. २००९ मध्ये क्लासिक त्याच इंजिनासह आली. त्यात पुशरॉड कायम राहिले, पण टॅपेट हायड्रॉलिक झाले. पुढे २०२० मध्ये मिटिऑर ३५० सोबत आलेल्या नव्या इंजिनात पुशरॉड गेले, कॅम वर हेडमध्ये गेला आणि व्हॉल्व्हची मोकळीक पुन्हा हाताने तपासण्याची पद्धत आली. म्हणजे हायड्रॉलिक टॅपेट ही एक सोय आहे. ते नाहीत म्हणून इंजिन कमी प्रतीचे ठरत नाही.

मग जुन्या इंजिनात अडचण कुठे?

अडचण ऑइलच्या वाटेत आहे. जुन्या बुलेटचा पंप कमी दाबाने ऑइल पुरवतो आणि टॅपेटपर्यंत दाबाचे ऑइल नेणारा मार्गच त्या इंजिनात नाही. त्याशिवाय हायड्रॉलिक टॅपेट पोकळ डबीसारखा दबेल. कॅमचा आकारही वेगळा लागतो आणि पुशरॉडची लांबी नव्याने ठरवावी लागते. एवढे सगळे करायचे तर क्रँककेसवर मशिनिंग आले. म्हणजे नुसता पार्ट बदलून हे काम होत नाही.

परदेशात जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये असा बदल झाला आहे. १९६९ ते १९७६ दरम्यान बनलेल्या पोर्शे ९१४ च्या चार सिलिंडर इंजिनाचेच भावंड फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये होते. १९७८ च्या सुमारास त्या व्हॅनला हायड्रॉलिक टॅपेट मिळाले. टॅपेटपर्यंत ऑइलचा मार्ग आधीपासून असल्याने हा बदल ९१४ मध्येही शक्य होतो. तरीही कॅम आणि टॅपेट सोबतच बदलावे लागतात. शिवाय खूप जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह स्प्रिंग कमी पडली, तर टॅपेट गरजेपेक्षा जास्त फुगतो आणि व्हॉल्व्ह उघडाच राहू शकतो. १९६३ मध्ये जगासमोर आलेल्या पोर्शे ९११ लाही हायड्रॉलिक व्यवस्था १९९३ च्या पिढीतच मिळाली.

मालकाने काय करावे?

जुनी बुलेट : रात्रभर उभी राहून इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच सेटिंग करून घ्या. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून उजव्या बाजूचे टॅपेट कव्हर उघडतात. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. गाडी चालवत आणली आणि लगेच सेटिंग झाली, तर ती चुकण्याचीच शक्यता जास्त.

यूसीई बुलेट : येथे सेटिंगचा स्क्रू नाही. बरेच दिवस उभी राहिलेली गाडी सुरू करताना काही सेकंद टकटक होणे स्वाभाविक आहे. ती थांबली नाही, तर आधी ऑइलची पातळी, ते किती जुने आहे आणि ग्रेड तपासा. या इंजिनासाठी १५डब्ल्यू५० ग्रेड सांगितला जातो. हायड्रॉलिक टॅपेटची मोकळीक ऑइलच सांभाळते, त्यामुळे ऑइल बदलण्यात केलेली चालढकल आधी तिथेच ऐकू येते.