विषारी वाफा मोजणारे बिल्ले

रंग, रबर व रसायनें यांच्या कांहीं कारखान्यांत मजुराच्या गळपट्टीजवळ एक लहानसा चपटा बिल्ला लावलेला असतो. तो शोभेचा नव्हे कीं ओळखीचाही नव्हे. दिवसभरांत त्या माणसाच्या नाकाजवळच्या हवेंत विषारी वाफ सरासरी किती होती, याचा हिशेब तो ठेवतो. आपल्या फवारणीच्या गड्यासही असा बिल्ला लावतां येईल काय, अशी शंका आमच्या वाचकांस येणें साहजिक आहे.

बिल्ल्याच्या आंत विशेष रीतीनें सच्छिद्र केलेल्या कोळशाचा थर असतो. त्यास पंप लागत नाहीं कीं वीज लागत नाहीं. वायु दाट जागेंतून विरळ जागीं आपोआप पसरतो, व हें पसरणें कोणत्या नियमानें चालतें तें आडॉल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञानें १८५५ सालीं मांडलें. बिल्ल्याचें तोंड व आंतली वाट यांचें माप ठरलेलें असल्यामुळें, कोळशांत सांचलेली वाफ व लोटलेला वेळ यांवरून हवेंतील प्रमाण निघतें. या तत्त्वावर अंगावर वागविण्याचें साधन अमेरिकेंत पाम्स व गनिसन यांनीं १९७३ सालीं पुढें आणलें. पाळी संपतांच बिल्ला झांकून प्रयोगशाळेकडे धाडतात. म्हणजे उत्तर येतें तें श्वास घेऊन झाल्यावर! बिल्ला विष मोजतो, अडवीत नाहीं.

धान्याच्या गोदामांतील धुरीची गोष्ट निराळी आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून फॉस्फिन वायु सुटतो. अमेरिकेंत आठ तासांच्या कामास त्याची मर्यादा दहा लाख भाग हवेंत ०.३ भाग इतकी धरली आहे. लसणासारखा वास आला म्हणजे वायु कळतो, असें पुष्कळ जण समजतात. परंतु तो वास वायूंतील भेसळीचा असतो, शुद्ध फॉस्फिनला वास नाहीं. नाकावर भरंवसा ठेवणें येथें वेडेपणाचें आहे. यासाठीं जागच्या जागीं रंग बदलणारा बिल्ला किंवा धोक्याची सूचना देणारें यंत्र कामास येतें. कायद्याप्रमाणें ही धुरी तज्ज्ञांच्या देखरेखीखालींच द्यावयाची असते. तेव्हां ज्या सोसायटीचें गोदाम आहे तिनें धुरी देणाऱ्यांस असें साधन मागून घ्यावें, गोदाम उघडतांना तर अवश्य.

फवारणीस मात्र हा बिल्ला पुरा पडत नाहीं, व आमच्या मतें महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पंपांतून निघतात ते सूक्ष्म थेंब. ते कपड्यांवर, मानेवर, हातांवर बसतात. डरहॅम व वुल्फ या अमेरिकन संशोधकांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत फवारणाऱ्याच्या अंगावर शोषक पट्ट्या चिकटवून त्यांवर बसलेलें औषध मोजीत. श्वासावाटे जाणाऱ्या औषधापेक्षां कातडीवर बसणारें कितीतरी अधिक, असें अशा मोजणींत दिसून आलें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन विसांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांच्या छातीवर कोळशाचे बिल्ले असते, तरी घामानें भिजलेल्या सदऱ्यांतून शिरणारें विष त्यांनीं दाखविलें नसतें.

तें विष रक्तांत दिसतें. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गांतील औषधें मज्जातंतूंच्या कामास लागणाऱ्या कोलिनेस्टरेज या द्रव्यास निकामी करतात. कॅलिफोर्नियांत १९७४ सालापासून अशीं जहाल औषधें नेहमीं हाताळणाऱ्या मजुरांचें रक्त तपासतात. तांबड्या पेशींतील हें द्रव्य मूळच्या ७० टक्क्यांवर उतरलें कीं मजुरास त्या कामावरून दूर ठेवावें लागतें. औषध आपण आणलेलें व मजूर आपल्या रोजावर. तेव्हां हा खर्च मालकानेंच सोसावा, यांत आम्हांस संशय वाटत नाहीं. माणसामाणसाचें मूळचें प्रमाण वेगळें असल्यानें पहिलें रक्त हंगामाची पहिली फवारणी होण्यापूर्वीं घ्यावें लागतें. नाहींतर पुढील आंकड्याची तुलना करण्यास कांहींच हातीं राहत नाहीं.