सुगीतला डोळा

चंदगड स्टँडवर हेऱ्याकडची एसटी लागते. दारातून आधी पिशव्या उतरतात, मग काठ्या, मग माणसं. नोव्हेंबरचं ऊन अजून कोवळं आहे. उतरणाऱ्यांच्या केसांत, पदरांत, पायांच्या भेगांत भाताची धूळ बसलेली. सुगी ऐन भरात आहे. या दिवसांत खळं सोडून तालुक्याला यायचं म्हणजे घरातला एक हात कमी होतो. म्हणून आलेली माणसं भरभर चालतात. चहाच्या गाड्याकडं कोणी वळत नाही.

मी त्यांच्या मागोमाग चालतो. आज डोळे तपासायचा वार आहे.

सरकारी दवाखान्यातली रांग केसपेपरच्या खिडकीपाशी सुरू होते, व्हरांडा ओलांडते, पायऱ्या उतरते आणि आवारात उन्हात जाते. उन्हातल्या भागात माणसं नाहीत. तिथं चपला आहेत, एक छत्री, दोन पिशव्या, पाण्याची बाटली, एक वीट. त्यांचे मालक भिंतीच्या सावलीत बसलेत. रांग हलली की कोणीतरी एक उठतो आणि सगळ्यांच्या वस्तू पुढं सरकवून येतो. बोलणं मराठीत, मधूनच कानडीत. रताळ्याचा भाव, काजूची बाग, उसाची तोड कधी येणार. डोळ्यांबद्दल कोणी बोलत नाही.

बसलेले बहुतेक साठीच्या पुढचे, मोतीबिंदूवाले. काहींच्या बाहुलीतला मळकट पांढरेपणा लांबूनही दिसतो. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वात जवळपास दोन तृतीयांश वाटा मोतीबिंदूचा निघाला. त्याला उपाय आहे, आणि रांगेला तो माहीत आहे. आज तपासणी, मग तारीख, मग शस्त्रक्रिया. पुढच्या सुगीला या रांगेतलीच एखादी आज्जी चष्मा लावून तांदूळ निवडायला बसलेली असते.

पण रांगेत काही तरुणही आहेत. ते लगेच ओळखू येतात. एका डोळ्यावर रुमाल, मान खाली, तोंड उजेडाकडून फिरवलेलं. त्याच पाहणीत पन्नाशीच्या आतल्या अंधत्वाचं पहिलं कारण मोतीबिंदू नव्हता. बुबुळावर पडलेले डाग हे ते कारण होतं. शंभरात सदतीस-अडतीस जण. गावात म्हणतात, डोळ्यात फूल पडलं.

व्हरांड्याच्या टोकाला तक्ता टांगलाय. त्याच्यापासून सहा मीटरवर फरशीवर रंगाची रेघ. वाचता येणाऱ्यांसाठी अक्षरं, न येणाऱ्यांसाठी चारी दिशांना तोंड फिरवलेला इंग्रजी ई. रेघेवर एक मामा उभे राहतात. टोपी काढून काखेत धरतात.

"मामा, उजवा डोळा झाका. तळव्यानं, दाबू नका. आता काटे कुठल्या बाजूला हाईत, बोटं करून दाखवा."

पहिली ओळ बरोबर. दुसरी बरोबर. तिसऱ्या ओळीला बोटं हवेत थांबतात. मागच्या बाकावरून एक बाई हळूच "खाली" म्हणते. बाकीचे तिला गप्प करतात. मामा बोटं खाली करतात, मग मान हलवतात. दिसत नाही ते दिसत नाही.

या तक्त्यावरच्या ओळी फार महत्त्वाच्या. औषध लागू पडलं का, किती पडलं, याचा हिशेब शेवटी या ओळींतच होतो.

आतली खोली अंधारी. खिडकीला काळा कागद चिकटवलेला. पंखा फिरतो, पण हवा तीच आहे, घामाची आणि स्पिरिटची. बाहेरच्या उजेडातून आत आलं की थोडा वेळ काहीच दिसत नाही. मग टेबल दिसतं, त्यावरचा स्लिट लॅम्प, हनुवटी टेकायची पट्टी, ती दर माणसामागं पुसणारा कापसाचा बोळा.

पस्तिशीची एक बाई हनुवटी टेकवते. काल दिवस मावळताना मळणी मशीनपाशी होती. पेंढी आत सारताना कुसळ उडालं. "रातभर डोळा चुरचुरूलालाय," ती म्हणते. पाण्यानं धुतला. सासू म्हणाली तूप घालू, हिनं घालू दिलं नाही.

नारिंगी टोकाची कागदी पट्टी खालच्या पापणीला लागते. पांढरा दिवा जातो, निळा येतो. बुबुळावर खालच्या अंगाला हिरवी, चकाकती रेघ उमटते. केसाएवढी बारीक. वरचं आवरण खरवडलंय, एवढंच. पांढरं काही नाही. पापणी उलटून पाहिली जाते, कुसळ राहिलेलं नाही.

दहा वाजायला आलेत. काल मावळतीपासून सोळा तास. हे तास मी मोजतो, कारण त्यांना अर्थ आहे. नेपाळमध्ये भक्तपूर इथं सुमारे पस्तीस हजार वस्तीवर दोन वर्षं नजर ठेवून एक अभ्यास झाला, २००१ साली तो छापून आला. बुबुळ खरचटलेल्या ४४२ जणांना गावातल्याच आरोग्यसेवकांनी क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम दिलं. दिवसातून तीनदा, तीन दिवस. ४२४ जणांचा डोळा जंतुसंसर्ग न होता भरून आला. आणि ज्यांना लागल्यापासून १८ तासांच्या आत मलम मिळालं, त्यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. पुढं तमिळनाडूतल्या खेड्यांत असाच प्रयोग झाला. तिथं एका गटाला मलमाच्या जोडीला बुरशीवरचं औषधही दिलं. दोन्ही गट सारखेच बरे झाले. साधं मलम पुरलं.

तेच मलम आता त्या बाईच्या हातात येतं. बोटाएवढी ट्यूब.

"तीन दिवस, तीन वेळा. चोळायचं नाही. परवा दाखवून जा. दुखणं वाढलं, नाहीतर पांढरं दिसलं, तर त्याच दिवशी या."

"मळणीला जाऊ न्हवं?"

"बरं होईस्तोवर नको."

ती काही बोलत नाही. ट्यूब पदराच्या गाठीत बांधते आणि उठते. सगळ्याला दहा मिनिटंही लागलेली नाहीत.

तिच्यामागं चाळिशीचा एक माणूस आत येतो. बायको हाताला धरून आणते. डोळ्यावर टॉवेल. टॉवेल काढला की पाणी वाहायला लागतं, पापण्या सुजून जवळजवळ मिटलेल्या. उसाची पात लागली होती. नववा दिवस आज. दिव्याची चीर डोळ्यावर पडते तसा तो हनुवटी मागं ओढतो. बायको त्याचं डोकं हळूच पुढं धरते. बुबुळाच्या मधोमध राखाडी-पांढरा डाग, कडा पिसासारख्या विसकटलेल्या. खाली पुवाचा थर. निळ्या दिव्यात सबंध डाग हिरवा पेटतो.

बायको पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवते. एक थेंबांची, औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली. त्यात स्टेरॉइड आहे. "दोन दिवस लई बरं वाटलं," तो म्हणतो. वाटणारच. स्टेरॉइडनं लाली उतरते, ठणका कमी होतो, आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. दुसरी बाटली काचेची, तिच्यात घरचं एरंडेल.

हा डाग बुरशीचा की जिवाणूंचा, हे नुसतं बघून पक्कं सांगता येत नाही. मदुराईच्या १९९७ साली छापलेल्या पाहणीत दोन्हींचं प्रमाण जवळपास निम्मं-निम्मं निघालं होतं. व्रणाचा कण खरवडून काचेवर घ्यावा लागतो, त्यावर पोटॅशचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. बुरशीचे धागे दिसले तर औषध वेगळं. ते काम डोळ्यांच्या सर्जनकडचं. चिठ्ठी लिहिली जाते. कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर. बेळगाव जवळ, पण राज्य दुसरं. नवरा-बायको एकमेकांकडं बघतात. वैरण, म्हसरं, शाळेतली पोरं, सगळं त्या बघण्यात असतं.

डाग बुरशीचा निघाला, तर सर्जन पुढं कोणतं औषध देणार? हा प्रश्न बरीच वर्षं खुला होता. नाटामायसिन नावाचं जुनं औषध होतं. १९५५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं. दाट, पांढरं, वापरताना बाटली हलवून घ्यावी लागते. आणि व्होरिकोनाझोल हे नवं होतं. प्रयोगशाळेत त्याचं पारडं जड पडत होतं, ते डोळ्यात खोलवर शिरतं असंही दिसत होतं. बऱ्याच डॉक्टरांचा कल नव्याकडं होता.

एप्रिल २०१० ते डिसेंबर २०११ या काळात मदुराई आणि दक्षिणेतल्या आणखी काही नेत्ररुग्णालयांत ३२३ रुग्णांवर याची चाचणी झाली. त्यांत शेतकरी आणि शेतमजूर पुष्कळ. कोणाला कोणती बाटली, हे कोणी ठरवायचं नाही, ते दैवावर सोडलेलं. नजर मोजणाऱ्यालाही ठाऊक नाही. जागेपणी दर तासाला एक थेंब, आठवडाभर. मग दर दोन तासांनी, तीन आठवडे पुरे होईपर्यंत. ३६८ जण घ्यायचे ठरले होते, पण मधला हिशेब बघून भरती आधीच थांबवली. फरक तेवढा उघड होता. तीन महिन्यांनी जुन्या औषधाचे रुग्ण तक्त्यावर सरासरी जवळपास दोन ओळी जास्त वाचत होते. फ्युझेरियम नावाची बुरशी असलेल्यांत हा फरक चार ओळींच्या आसपास गेला. ही बुरशी मातीत आणि पिकांवर राहते. नव्या औषधाच्या गटात बुबुळाला भोक पडायची किंवा प्रत्यारोपण करायची वेळही जास्त वेळा आली.

चार ओळी म्हणजे काय, ते बाहेरच्या व्हरांड्यात कळतं. तिसऱ्या ओळीला थांबलेली मामांची बोटं आठवा. चार ओळींत माणूस बांधावरून बैल ओळखतो की नाही, हे ठरतं.

त्या ३२३ जणांची नावं कुठं छापलेली नाहीत. नवं औषध वाट्याला आलेल्या निम्म्या लोकांचं नुकसानही झालं असेल. पण त्यांनी दर तासाला थेंब घातले, बसभाडं काढून तपासणीला आले, तीन महिन्यांनी तक्त्यासमोर उभे राहिले. या अंधाऱ्या खोलीतून चिठ्ठी घेऊन निघालेल्या माणसाला बेळगावात किंवा कोल्हापुरात आज जे औषध मिळेल, त्याचा निवाडा त्यांच्या डोळ्यांवर झालाय. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

स्टेरॉइडचीही अशीच परीक्षा झाली, जिवाणूंमुळं व्रण झालेल्या ५०० जणांवर, त्यांत ४८५ भारतातले. तिथं आधी जंतू तपासलेला होता, प्रतिजैविक चालू होतं, डॉक्टरांची नजर होती. एवढं असूनही तीन महिन्यांनी एकूण फायदा दिसला नाही. २०१२ चा हा निकाल. दुकानातून "डोळ्याचं काहीतरी द्या" म्हणून थेंब आणणाऱ्याच्या पाठीशी तर यातलं काहीच नसतं.

दुपारी मी कोवाडच्या रस्त्याला आहे. ताम्रपर्णीच्या काठची शेतं कापून झालीत, खोडवी पायाला टोचतात. खळ्यावर मळणी मशीन धडधडतंय. तोंडातून पिंजर बाहेर पडतं आणि उन्हात सोनेरी धूळ उडत राहते. बायकांनी तोंडाला फडकी बांधलीत. डोळे उघडे. मशीनवरचा पोरगा तेवढा गॉगल लावून आहे, जत्रेतला, काळा, बाजूनं उघडा. धूळ आली की तो मान फिरवतो, थांबत नाही. मशीन तासावर भाड्यानं आहे.

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई बांधावर उभ्या राहून हाक मारतात. कोणाच्या डोळ्यात काही गेलंय का? मशीनच्या आवाजात पहिल्यांदा ऐकू जात नाही. दुसऱ्यांदा विचारल्यावर एक म्हातारी हसून हात हलवते. "जातंय की. रोजच जातंय. निघतंय बी."

खरं आहे. बहुतेक वेळा निघतं. म्हणूनच हे काम अवघड. नेपाळमध्ये गावोगावच्या महिला स्वयंसेविकांच्या हाती मलम देऊन आणखी एक मोठी चाचणी झाली, २४ गावगटांत, तीन वर्षं. २०२२ मध्ये निकाल आला. ज्या गटांत स्वयंसेविकांनी मलम दिलं, तिथंही व्रणांचं प्रमाण कमी झालं नाही. भक्तपूरच्या यशानंतर हा निकाल पचायला जड आहे, पण तो लपवून चालणार नाही. मला त्यातून एवढं कळतं की मलम गावात असणं पुरेसं नाही. लागलेला माणूस काम टाकून त्या दारापर्यंत गेला पाहिजे, आणि त्याच दिवशी गेला पाहिजे. खळ्यावरच्या माणसाला ते सांगणं मलम वाटण्यापेक्षा कठीण आहे.

मशीन थांबतं. डिझेल भरायचंय. एकदम शांत होतं, आणि सगळ्या बायका एकाच वेळी पदरानं डोळे पुसतात.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी या दिवसांत मळणी असेल, उसाला माणसं लागली असतील, तर एवढं करा. मशीनवरच्या माणसाला बाजूनं बंद असलेला पारदर्शक चष्मा घेऊन द्या. डोळ्यात कुसळ किंवा पात लागली तर स्वच्छ पाण्यानं धुवा, चोळू नका. तूप, दूध, एरंडेल घालू नका. दुकानातून विचारून आणलेले थेंब घालू नका. आणि त्याच दिवशी, ते जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं डोळा दाखवायला या, मळणी राहिली तरी चालेल.