पंचेचाळिसावा वेढा

शेतातल्या पंपाची मोटार जळली की रिवाइंडिंगच्या दुकानात जुनी तार काढून नवी भरतात. जुन्या कॉइलमध्ये जितके वेढे, तितकेच नव्या कॉइलमध्ये हवेत. कमी पडले तर मोटार जादा करंट ओढते आणि तापते. जास्त झाले तर खाचेत तार मावत नाही. ओळखीच्या मिस्त्रींनी तार गुंडाळायचा फर्मा फिरवायला शिलाई मशीनची मोटार लावली आहे, पण मोजणी तोंडाने चालायची. मध्येच गिऱ्हाईक आलं की आकडा हुकायचा. त्यांच्यासाठी ४५ वेढे भरताच मोटार बंद करणारा काउंटर बांधायला घेतला.

मोजणारा भाग सोपा. सीडी ४०१७ ही सोळा पायांची आयसी. १४ नंबरच्या पायावर पल्स आला की तिच्या दहा आउटपुटांपैकी पुढचं एक जागं होतं आणि त्यावरचा दिवा लागतो. पहिल्या आयसीच्या १२ नंबरच्या पायातून दर दहा पल्समागे निघणारा पल्स दुसरीला दिला, की एकक आणि दशक तयार. दोन फिरत्या स्विचांवर दशकाचा ४ आणि एककाचा ५ निवडायचा. दोन डायोड आणि एक रेझिस्टर मिळून दोन्ही एकाच वेळी जागे आहेत का, ते पाहतात. ही आयसी रिले ओढू शकत नाही, म्हणून मध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लागतो. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड हवाच. रिले सुटताना उसळणारा व्होल्टेज नाहीतर ट्रान्झिस्टर मारतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत हे सगळं सुटं मिळतं.

खरं काम आहे ते ‘एक’ म्हणजे काय, हे ठरवण्याचं. फर्म्याच्या दांड्यावर चुंबक आणि शेजारी रीड स्विच: काचेच्या नळीत दोन लोखंडी पट्ट्या, चुंबक जवळ आला की चिकटणाऱ्या. बेल लॅबमध्ये वॉल्टर एलवूड यांनी १९३६ साली तो शोधला. चुंबकाचा ध्रुव रीडकडे तोंड करून असेल आणि रीडच्या लांबीच्या दिशेने सरकत गेला, तर बरोबर मध्यावर दोन्ही पट्ट्यांत सारखाच ध्रुव येतो आणि त्या सुटतात. एका फेरीत स्विच दोनदा लागतो आणि ४५ वेढ्यांचे ९० होतात. म्हणून रीड काटकोनात वळवायचा आणि चुंबक त्याच्या एका टोकाजवळून जाऊ द्यायचा.

एवढ्यानेही भागत नाही. पट्ट्या चिकटताना क्षणभर थरथरतात आणि आयसीला तो प्रत्येक थरकाप दिसतो. १०० किलो-ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की १० मिलिसेकंदांची सुस्ती येते; मिनिटाला ३०० फेऱ्या असल्या तरी एका फेरीला २०० मिलिसेकंद मिळतात, म्हणजे खरा पल्स बुडत नाही. कपॅसिटरमुळे पल्सचा चढ संथ होतो, पण ४०१७ च्या १४ नंबरच्या पायाला आतूनच श्मिट ट्रिगर आहे, त्यामुळे संथ चढही नीट मोजला जातो. १३ नंबरचा पाय मात्र मोकळा सोडायचा नाही, नाहीतर नुसता हात जवळ नेला तरी मोजणी बिघडते. मोटारीच्या कार्बन ब्रशच्या ठिणग्यांपासून बचावासाठी रीडची वायर आखूड ठेवायची आणि प्रत्येक आयसीच्या सप्लायवर ०.१ चा कपॅसिटर बसवायचा.

हवा तो आकडा येताच १३ नंबरच्या पायाला प्लस देऊन मोजणी गोठवण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. करंट तोडला तरी मोटार लगेच थांबत नाही, दोन-तीन वेढे तशीच फिरते, आणि गोठलेले दिवे ४५ च दाखवत राहतात. म्हणून मोजणी चालू ठेवली आणि रिलेच्या दुसऱ्या कॉन्टॅक्टने रिलेला स्वतःलाच धरून ठेवायला लावलं. आता मोटार थांबते आणि दिवे खरा आकडा सांगतात.

जास्तीचे वेढे उलटे फिरवून काढावेत, तर रीडला दिशा कळत नाही. ते वेढेही तो बेरजेतच धरतो. त्यामुळे स्विच ४१ वर ठेवायचे असं ठरलं. मोटार थांबते तेव्हा दिवे कधी ४३ दाखवतात, कधी ४४. उरलेले वेढे मिस्त्री हाताने पुढे फिरवतात आणि तेही मोजले जातात.