दहा मायक्रोसेकंदांची राखण

नागपूरच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतला कारखाना असो, उंच इमारतीतली लिफ्ट असो, की सीताबर्डीहून खापरीकडे निघालेली मेट्रो. मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या पोटात आयजीबीटी नावाचे पॉवर ट्रान्झिस्टर असतात. सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद होणारी ही जणू बटणेच. त्यांना चालू किंवा बंद व्हायचा हुकूम देते ते सर्किट म्हणजे गेट ड्रायव्हर.

मोटारीच्या केबलचे इन्सुलेशन गेले आणि शॉर्टसर्किट झाले, तर आयजीबीटी साधारण 10 मायक्रोसेकंदच तग धरतो. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. घरातला एमसीबी पडायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणजे तोवर ट्रान्झिस्टर केव्हाच जळून गेलेला असतो. म्हणून राखणीचे काम गेट ड्रायव्हरलाच करावे लागते.

त्याची युक्ती सोपी आहे. चालू असलेल्या आयजीबीटीच्या दोन टोकांत साधारण दोन-तीन व्होल्टच असतात. शॉर्टसर्किटमध्ये हा आकडा एकदम उसळतो. ड्रायव्हर एका डायोडमधून त्यावर नजर ठेवतो आणि सुमारे 7 व्होल्ट ओलांडताच आयजीबीटी बंद करतो.

अडचण पुढेच आहे. आयजीबीटी चालू होण्याच्या क्षणी व्होल्टेज आधीच चढे असते आणि उतरायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात ड्रायव्हरने ओरड केली, तर धडधाकट मशीनही सारखी ट्रिप होईल. म्हणून सुरुवातीला मुद्दाम डोळेझाक करावी लागते. ती किती वेळ, हे ठरवतो ब्लँकिंग कपॅसिटर. त्याची किंमत इतर सुट्या भागांपुढे किरकोळ, जबाबदारी मात्र मोठी.

हिशेब शाळेतल्या विज्ञानाचाच आहे. कपॅसिटरची क्षमता गुणिले व्होल्टेज, भागिले चार्जिंगचा प्रवाह. अनेक ड्रायव्हरमध्ये हा प्रवाह 250 मायक्रोअँपिअर असतो. 100 पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर 7 व्होल्ट गाठायला 2.8 मायक्रोसेकंद लागतात. 22 पिकोफॅरडला जेमतेम 0.6, म्हणजे विनाकारण ट्रिपिंगला आमंत्रण. 470 पिकोफॅरडला 13. म्हणजे राखणदार जागा होण्याआधीच घर लुटले गेले.

220 पिकोफॅरडचे 6.2 मायक्रोसेकंद कागदावर बसतात. पण आयजीबीटी प्रत्यक्ष बंद व्हायला आणखी दोन-तीन मायक्रोसेकंद जातात. प्रचंड प्रवाह एकदम तोडला तर व्होल्टेजचा झटका बसतो, म्हणून बंदही सावकाश करावे लागते. मग हाताशी फारसे काही उरत नाही.

त्यात नागपूरचा मे महिना. पारा 45 अंशांवर गेला की पॅनेलच्या आतली हवा त्याहून तापते. आधीच तापलेला ट्रान्झिस्टर शॉर्टसर्किट कमी वेळ सोसतो. एक्स-7-आर जातीच्या कपॅसिटरची क्षमता तापमानानुसार 15 टक्क्यांपर्यंत बदलू शकते. सी-0-जी जातीची जवळजवळ हलत नाही. म्हणून इथे सी-0-जी निवडणे शहाणपणाचे. डायोडची आणि सर्किट बोर्डाची स्वतःची थोडी क्षमता त्यात मिळते, तीही धरावी लागते.

जुने कार्ड दुरुस्त करताना ‘हाताशी होता तो’ कपॅसिटर लावला, तर मशीन चालू होते आणि महिनोन्महिने चालतेही. चूक कळते ती पहिल्या शॉर्टसर्किटला, तेव्हा दुसरी संधी उरलेली नसते.